गव्हाण किती फुटांची? शेळीपालनाचे आराखडे करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शेळीपालन प्रकल्पांचे आराखडे करणारे, ते मंजूर करणारे, त्यावर कर्ज देणारे आणि शेड उभी राहिल्यावर पाहणीला येणारे सर्व साहेब व मॅडम,
जळगाव, धुळे, नंदुरबार.

विषय: गव्हाणीची लांबी आणि बकऱ्यांचं बसणं.

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर-पारोळा पट्ट्यात, बोरी नदीच्या काठाला राहते. घरी २८ मोठ्या बकऱ्या आहेत आणि एक बोकड. करडांचा आकडा आज नक्की सांगता येणार नाही, कालच दोघी व्याल्या. कागदावर तुम्ही ‘शेळी’ लिहिता, पण आमच्या तोंडात बकरीच बसलंय, म्हणून पत्रभर मी बकरीच म्हणणार. त्यातल्या बऱ्याचशा गुजरातच्या सुरती जातीच्या अंगाच्या आहेत. पांढऱ्या, बुटक्या, कासेला चांगल्या. या जातीला काही पुस्तकांत ‘खानदेशी’ही म्हटलंय, त्यामुळे ती आपलीच म्हणायला हरकत नाही. दूध तालुक्याच्या गावी जातं. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की अचानक भाव वाढतो, प्लेटलेट वाढतात म्हणून लोक दारात उभे राहतात. मी दूध देते, पण हे औषध नाही, डॉक्टरकडे जा, हेही सांगते. त्यामुळे दोन-चार गिऱ्हाइकं तुटली असतील.

पत्राचं कारण वेगळं आहे. तुमच्यापैकी कोणी शेड पाहायला आलं की टेप निघतो. लांबी, रुंदी, पत्र्याची उंची. मग डोकी मोजली जातात, कानातले बिल्ले पाहिले जातात, फोटो निघतो. इतक्या वर्षांत माझ्या किंवा शेजारपाजारच्या कुठल्याही शेडमध्ये गव्हाणीला टेप लावलेला मी पाहिलेला नाही. आणि बकऱ्या बसल्यात की उभ्या आहेत, हे तर कुणीच पाहत नाही. फोटोत उभ्या बकऱ्या चांगल्या दिसतात.

आपल्याच पुस्तकांत, आपल्याच प्रशिक्षणाच्या वह्यांत आकडा छापलेला आहे. मोठ्या बकरीला खायला ४० ते ५० सेंटिमीटर जागा, करडाला ३० ते ३५. त्याच पानावर डोक्यामागे आतली १० चौरस फूट आणि बाहेरची २० चौरस फूट जागाही लिहिलेली असते. दुसरा आकडा सगळ्यांना तोंडपाठ आहे. पहिला पानावरच राहतो.

माझ्याकडे काय झालं ते सांगते. पहिल्या वर्षी दहा बकऱ्या आणि एक बोकड होता. प्रशिक्षणात हाती आलेल्या नकाशाप्रमाणे ३० बाय १५ ची शेड बांधली. गव्हाण आतल्या भिंतीला, १२ फुटांची. बाराच का, तर वेल्डरकडे पत्रा तेवढाच उरला होता. दहा बकऱ्यांना बारा फूट म्हणजे थोडं दाटीवाटीचं, पण चाललं. दोन वर्षांत विकत घेतलेल्या आणि घरच्या मिळून बकऱ्या २८ झाल्या. शेड ४५० चौरस फुटांची, म्हणजे जागेच्या हिशोबाने अजून १७ मावल्या असत्या. सगळे म्हणायचे, शेड केवढी मोकळी आहे तुमची! पण १२ फूट म्हणजे ३६६ सेंटिमीटर. चाळीसने भागा. नऊ बकऱ्या. माझ्याकडे एकेका तोंडाच्या जागेवर तीन-तीन बकऱ्या होत्या आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. कळप वाढतो, शेड पुरते, गव्हाण मात्र पहिल्या दिवशी होती तेवढीच राहते. दहा बकऱ्यांच्या योजनेतून वर आलेल्या कितीतरी घरांत हेच झालेलं मी पाहिलंय.

मला कळलं ते मुंडीमुळे. शिंगं नाहीत म्हणून मुंडी. शिंगवाल्या कळपात बिनशिंगी बकरी बहुतेक खालच्या पायरीवर असते, तशी हीसुद्धा. दुसऱ्या वेताला तिचं दूध पाऊण लिटरच्या वर जाईना. खुराक तोच, जंताचं औषध वेळेवर, कासेत गाठ नाही, दगडी (काससूज) नाही. अंगावरचे केस मात्र राठ आणि उभे. पुढच्या पायांच्या गुडघ्यांना घट्टे पडलेले. मी सरकी पेंड वाढवून पाहिली. सासूबाई ओट्यावर बसून दिवसभर बकऱ्याच पाहत असतात. त्या एकदा म्हणाल्या, “ती बसनीच नही ते दूध कथाईन येई, माय?” म्हणजे, ती बसलीच नाही तर दूध कुठून येणार? मी म्हटलं, बसत का नसेल, रात्रभर मोकळीच तर असते. त्या काही बोलल्या नाहीत.

त्या वर्षी माझी मुलगी बारावीला होती, रात्री जागायचीच. कार्तिकातली थंडी, बाहेर बाज टाकली, गोधड्या घेतल्या आणि दोघींनी रात्र काढली. फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर तिने दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहिले. बसलेल्या किती, उभ्या किती. सात वाजता संध्याकाळचा चारा टाकला होता. साडेसातपर्यंत दांडग्या बकऱ्यांचं पोट भरलं. त्यांतली सगळ्यांत दांडगी लाली. ती कुठे बसली असेल? गव्हाणीच्या पुढ्यातच, गव्हाणीकडे पाठ करून. तिला कुणाशी भांडायचीही गरज नव्हती. कोणी जवळ आलं की नुसती मान वर करायची. बाकीच्या दांडग्या भिंतीला पाठ लावून बसल्या. बकरीला बसताना भिंतीचा आधार आवडतो. मधली जागा, जिथे मूत साचतं, ती उरलेल्यांना.

रात्री एक वाजता २८ पैकी ११ उभ्या होत्या. मुंडी मधोमध, मान खाली, एक पाय उचलून टेकवत, परत उचलत. दोन वाजून दहा मिनिटांनी लाली मुतायला उठली. मुंडी जी शिरली ती आठ मिनिटं खाल्लं तिने, आणि खाल्लं काय, तर पाला संपून उरलेल्या काड्या. तेही गुडघे टेकून, कारण गव्हाण जमिनीलगत होती आणि तळातलं ओढून घ्यायला तसंच वाकावं लागायचं. मग बरगडीत शिंग बसलं आणि ती परत मधोमध. चार वाजता बसली. साडेपाचला आम्ही धारेला उठलो आणि सगळ्यांना उठवलं. तिची रात्र दीड तासाची होती. मुलगी वही मिटून म्हणाली, आई, ही तर माझ्यापेक्षा कमी झोपली.

बकरी माणसासारखी सलग झोपत नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी बसते, डुलकी घेते, उठते, आळस देते, जागा बदलते. पण हे सगळे तुकडे जोडले तर दिवस-रात्रीचा निम्म्याच्या आसपास वेळ ती बसण्यात घालवते. हा आळस नाही, तेव्हाच तर ती रवंथ करते. रवंथ उभ्यानेही होतं, नाही असं नाही, पण निवांत, लयीत, खालचा जबडा फिरवत होतं ते बसून. खाल्लेला घास परत वर येतो, चावला जातो, त्याबरोबर लाळ सुटते आणि त्या लाळेतला खार पोटातला आंबटपणा मारतो. ज्या बकरीला हे करायला वेळ नाही आणि जी उभ्या-उभ्या चोरून मिळेल ते भराभर गिळते, तिच्या पोटात काय होत असेल ते पशुवैद्य असलेल्यांना मी सांगायला नको. मग आम्ही फोन करून म्हणतो, पोट फुगलंय, लवकर या.

आपल्या भाषेला हे कधीचं ठाऊक आहे. साक्रीकडचे ठेलारी आपल्या शेतात येतात तेव्हा आपण काय म्हणतो? मेंढ्या बसवल्या. चारल्या म्हणत नाही. रात्रभराच्या त्यांच्या बसण्याचे शेतकरी पैसे देतो, धान्य देतो, कारण लेंडीखत त्या बसण्यातून पडतं. जनावराच्या बसण्याला किंमत मोजणारा मुलूख आहे हा. गोठ्यात आलो की तेवढंच विसरतो.

माझ्या एकटीच्या एका रात्रीवर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. नंतर मुलीने शोधून काही वाचून दाखवलं. नॉर्वेत मुद्दाम हाच प्रयोग करून पाहिलाय. एका खाण्याच्या जागेला एक बकरी, मग दोन, मग तीन. जागा कमी होत गेल्या तसा खाण्यात जाणारा वेळ घटला, रांगेत ताटकळत उभं राहणं वाढलं, आणि हा फटका मुख्यतः खालच्या पायरीवरच्या बकऱ्यांना बसला. दांडग्यांचं फारसं काही बिघडलं नाही. एकेका जागेवर तीन म्हणजे माझीच शेड की! त्याच देशात बसायच्या जागेचाही प्रयोग झाला. डोक्यामागे एक चौरस मीटर होती ती अर्ध्यावर आणली, तर बकऱ्या कमी बसल्या, एकत्र बसणं मोडलं, एकमेकींना उठवणं वाढलं. तिथली थंडी वेगळी, गोठे वेगळे, बकऱ्या दुसऱ्या जातीच्या. पण दुसरीला उठवणारी लाली तिकडेही आहे, हे वाचून मला बरं वाटलं.

हे ‘एकत्र बसणं’ महत्त्वाचं आहे. बकऱ्या मोकळ्या असल्या की सगळ्या जवळपास एकाच वेळी चरतात आणि एकाच वेळी बसतात. हिवाळ्यात कापूस निघाल्यावर पऱ्हाटीच्या शेतात सोडलेला कळप पाहा. तासभर सगळी तोंडं बोंडांना आणि पानांना, मग एक बसते, दुसरी बसते आणि बांधावरच्या हिवराखाली सगळा कळप रवंथ करत असतो. तिथे लालीला कुणाला अडवता येत नाही, पऱ्हाटीला दोन टोकं थोडीच असतात! शेडमध्ये आपण चारा एका भिंतीला आणला आणि त्या भिंतीची मालकी एका बकरीला देऊन टाकली. मग अर्धा कळप खात असतो तेव्हा अर्धा वाट पाहतो. जे वाट पाहतात ते बसत नाहीत, कारण बसलं तर नंबर जाईल. आणि जे खाऊन बसतात त्यांच्या अंगावरून खाणाऱ्यांची ये-जा चालू राहते.

एका गोष्टीवर अजून बोलायचंय, ती तुम्हाला माहीत आहे की नाही मला कळत नाही. युरोपात २०१५ साली शेळ्यांचं कल्याण तपासायची एक पद्धत तयार झाली. त्या तपासणीत चारा टाकल्यावर गव्हाणीपाशी किती बकऱ्या ताटकळत उभ्या राहतात ते मोजतात. पाण्यापाशी किती ताटकळतात ते मोजतात. किती बकऱ्या गुडघे टेकून खातात ते मोजतात. अंगावरचे केस कसे आहेत ते पाहतात. कळपापासून तुटून एकटी पडलेली कोणी आहे का, तेही पाहतात. हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मुंडीच होती. या मोजमापाला यंत्र लागत नाही, रक्त काढायला नको, प्रयोगशाळा नको. एक माणूस, एक वही आणि अर्धा तास शांत उभं राहायची तयारी. तुमच्या पाहणीच्या नमुन्यात या पाच ओळी घालायला काय हरकत आहे?

आता मी काय केलं ते लिहिते, चुकांसकट.

पहिली चूक माझीच. मला वाटलं, चारा टाकायच्या वेळा वाढवल्या की झालं. सकाळ, दुपारी एक आणि संध्याकाळ असं होतं, त्यात चौथी वेळ घातली. उलटाच परिणाम. प्रत्येक वेळी नवा हल्ला, नवी ढकलाढकली, आणि बसलेल्या सगळ्या उठायच्या. दुपारी एकची वेळ तर मुळातच चुकीची होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, वर पत्रा. बकरी त्या वेळी सावलीत गप्प पडून राहायला बघते, आणि आपण त्याच वेळी पाटी वाजवत जातो. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता तयार होते, ती कुठे जाणार? चौथी वेळ काढली, एकची वेळही काढली. हिरवा पाला आता पहाटे सहाला आणि दिवेलागणीनंतर. दिवसभर गव्हाणीत सुका चारा असतोच, मकाचा, ज्वारीचा, जरा लांब तुकड्यांचा. अगदी बारीक कुट्टी मी बंद केली. भरडा आणि पेंड कळपात टाकायची नाहीच, ज्या बकरीची धार काढायची तिच्यापुढे तिचं घमेलं. पेंडीसाठीच खरी मारामारी होते. आणि भराभर पेंड हाणली की दांडग्या बकरीचंच पोट आंबतं, म्हणजे त्यात लालीचंही भलं नाही.

मग गव्हाण. भिंतीवरची बारा फुटी उचलून त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, जाळीच्या अंगणात लावली. नऊ जागा तिथे. दोनशे लिटरची तीन निळी पिंपं आणली आणि उभी चिरून सहा फाका केल्या. एक फाक साधारण तीन फुटांची, दोन्ही बाजूंनी दोन-दोन बकऱ्या खातात. पाच फाका चाऱ्याला, म्हणजे वीस जागा. जुन्या नऊ धरून २९. सहावी पाण्याला. पिंपं घेताना एक काळजी घ्या. आपल्या कापसाच्या मुलखात औषधाची पिंपं स्वस्तात मिळतात, ती अजिबात नको. मी तेलाच्या व्यापाऱ्याकडून घेतली आणि सोड्याने तीनदा धुतली.

फाका आधी जमिनीवरच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर प्रत्येकीत दोन-दोन करडं झोपलेली, चाऱ्यात लेंड्या. करडांना रक्ती हगवण लागायला आणखी काय पाहिजे? मग लोखंडी घोड्यांवर दीड फूट उंच चढवल्या. गुडघे टेकणं त्या आठवड्यापासून बंद झालं. बकरी मुळात मान वर करून खाणारं जनावर आहे. न्यूझीलंडमध्ये वेगवेगळ्या उंचीच्या गव्हाणी ठेवून पाहिल्या तेव्हा जमिनीलगतच्यापेक्षा उंचावरच्या गव्हाणीकडे बकऱ्यांचा ओढा अधिक दिसला. पण त्यातली मेख अशी की ढकलाढकलीही उंचावरच्या गव्हाणीलाच अधिक झाली. म्हणजे नुसती उंच गव्हाण करून भागत नाही, ती पुरेशी लांबही हवी. आमच्या आजीला हे सगळं न वाचताच कळत होतं. निंबाच्या, बोरीच्या, शेवरीच्या डहाळ्या ती दोरीला बांधून आढ्याला टांगायची, एका जागी नाही, चार जागी. मी आता सहा दोर टांगलेत.

फाकेच्या दोन्ही बाजूंनी तोंडं समोरासमोर येतात, मग शिंगं भिडतात. स्वित्झर्लंडमध्ये खाण्याच्या जागांमध्ये आडोसे आणि बाजूला चौथरे करून पाहिलेत, त्याने भांडणं कमी होतात, एकीला दुसरी दिसत नाही म्हणून दोघी जवळजवळ उभ्या राहून खातात. मी आडोसा केला जुन्या फ्लेक्सचा. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या त्यावर. दोन दिवसांत बकऱ्यांनी त्या नेत्याचे कान कुरतडले. प्लास्टिक पोटात गेलं असतं तर मेल्या असत्या, लगेच काढला. आता प्लायवुडची फळी आहे.

चारा बाहेर गेला तशी शेड फक्त बसायला उरली. भिंतीच्या कडेने दोन जुन्या बाजा आणि फळ्यांचे ओटे केले, दीड फूट उंचीचे. बकऱ्या वर बसतात, करडं खाली. भिंतीला टेकून बसायच्या जागा त्यामुळे जवळपास दुप्पट झाल्या आणि खाली ओलही लागत नाही. लाली अजून सगळ्यांत चांगली जागा घेते, कोपऱ्यातली. घेऊ दे. तिथे बसून ती कुणाचं खाणं अडवत नाही.

पावसाळ्यासाठी गव्हाणींवर पाच फुटांची पत्र्याची पडवी काढावी लागली, तोच मोठा खर्च. पिंपं, घोडे, पत्रा, फळ्या सगळं मिळून बारा-तेरा हजारांत झालं. माझी एक दुभती बकरी विकली असती तर तेवढ्यात झालं असतं.

मुंडीचं दूध? पुढच्या वेताला सव्वा लिटरपर्यंत गेलं. पण ते तिसरं वेत होतं, तिसऱ्याला दूध तसंही वाढतं, आणि त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता. त्यामुळे सगळं श्रेय गव्हाणीला द्यायला मी तयार नाही. मला खात्रीने सांगता येतं ते एवढंच, की पुढच्या कार्तिकात आम्ही परत एक रात्र बसलो तेव्हा एक वाजता चारच बकऱ्या उभ्या होत्या आणि त्यातल्या तिघी खात होत्या. मुंडी ओट्यावर होती. तिचे घट्टे अजून आहेत, पण केस आता अंगाला चिकटलेले असतात.

आणि एक नुकसान, जे भरून आलं नाही. गव्हाण बदलायच्या दोन महिने आधी चांदी नावाची गाभण बकरी चाऱ्याच्या गर्दीत कुशीला शिंग बसून गाभडली. चौथा महिना होता, दोन करडं. डॉक्टरांनी रोगाची शंका म्हणून रक्त तपासायला घेतलं, त्यात काही निघालं नाही. चांदी नंतर गाभण राहिलीच नाही, विकावी लागली. हिशोबाच्या वहीत मी तो तोटा ‘मरतूक’ या रकान्यात लिहिलाय, दुसरा रकानाच नाही.

आता तुमच्याकडे मागणं. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. राष्ट्रीय पशुधन अभियानात आता १०० बकऱ्या आणि ५ बोकडांपासून ५०० बकऱ्या आणि २५ बोकडांपर्यंतच्या प्रकल्पांना निम्मं अनुदान मिळतं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांतली पोरं यात पडतायत, शिकलेली पोरं, हे चांगलंच आहे. पण शंभर बकऱ्यांना ४५ सेंटिमीटरप्रमाणे ४५ मीटर, म्हणजे जवळपास १५० फूट गव्हाण लागते. दोन्ही बाजूंनी खाणारी केली तरी ७५ फूट. हा आकडा मंजुरीच्या वेळीच आराखड्यावर लिहिलेला असू द्या, बकऱ्यांच्या आकड्याच्या शेजारी. आणि कळप वाढवायला परवानगी, कर्ज किंवा पुढचा हप्ता देताना आधी गव्हाण वाढली का ते पाहा. चौरस फुटांनी फसू नका, मी फसले होते.

दुसरं, चारा आणि बसणं एकाच चौकोनात काढू नका. मधोमध गव्हाण आणि दोन्ही बाजूंना बकऱ्या, हा नकाशा चारा टाकणाऱ्या माणसाच्या सोयीचा आहे. माझ्यासारखी जाळीची अंगणं सगळीकडे चालणार नाहीत, हे मला कळतं. चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडच्या गावांत, जिथे बिबट्याची भीती आहे, रात्री दार लावावंच लागतं. तिथे शेडच्या एका टोकाला गव्हाणी आणि मध्ये फळ्यांची भिंत, दोन दारं ठेवून. दोन, एक नाही. एका दारात लाली बसते.

आणि पाहणीला येणार असाल तर नुसतं संध्याकाळी चारा टाकायच्या वेळी येऊन भागणार नाही, त्या वेळी सगळ्याच उभ्या असतात. दुपारी दोनलाही या, नाहीतर रात्री जेवून या आणि अर्धा तास न बोलता उभे राहा. मालकाला एकही प्रश्न न विचारता उभ्या किती, बसलेल्या किती ते लिहा. टेप माझ्याकडे आहे. चहा बकरीच्या दुधाचा मिळेल. वास चालत नसेल तर आदल्या दिवशी सांगा, शेजारून म्हशीचं आणून ठेवते.

आपली,
बोरीकाठची एक बकरीवाली